घटसर्पोत्तर अंगघात

घटसर्पाच्या (डिप्थीरियाच्या) रुग्णाचा घसा बरा झाल्यासारखा दिसू लागल्यावर, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात, मऊ टाळूपासून सुरू होणारा आणि काहींच्या बाबतीत जीभ, स्वरयंत्र, डोळे व हातापायांपर्यंत पसरणारा स्नायूंचा दुबळेपणा म्हणजे घटसर्पोत्तर अंगघात होय. हा दुबळेपणा बहुतेक वेळा तात्पुरता असतो. सर्दी-खोकल्यानंतर आवाज बसतो तेव्हा स्वररज्जूंना सूज आलेली असते आणि आवाज घोगरा होतो. घटसर्पानंतर मात्र आवाज गेंगाणा होतो. हा फरक कानाला सहज कळण्यासारखा असूनही, घसा आता दुखत नाही एवढ्यावर समाधान मानून पुष्कळदा त्याकडे दुर्लक्ष केले जाते, आणि ते घातक ठरू शकते.

घटसर्पाचे जंतू सहसा घशातच राहतात. तेथे करड्या रंगाचा चिवट पडदा धरतो, पण शरीरात दूरवर पोहोचते ते जंतूंनी तयार केलेले विष. एमील रू आणि अलेक्झांडर येर्सिन या जंतुशास्त्रज्ञांनी १८८८ मध्ये पॅरिस येथे जंतू गाळून काढलेला द्रव प्राण्यांना टोचला, तेव्हा त्यांच्यातही अंगघात झाला. जंतू जेथे नाहीत तेथील स्नायू का लुळे पडतात, हे त्यावरून प्रथमच स्पष्ट झाले. हे विष पेशींमधील प्रथिननिर्मिती थांबवते. मज्जातंतूंभोवतीचे आवरण बनवणाऱ्या पेशींवर त्याचा आघात झाला की ते आवरण झिजते आणि संदेशवहन मंदावते किंवा थांबते. आतला तंतू बहुधा शाबूत राहतो आणि आवरण पुन्हा तयार होते. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात त्याचे कारण हेच.

मऊ टाळू उचलला जाऊन घसा आणि नाक यांमधील वाट बंद करतो. तो लुळा पडला की गिळलेले पाणी किंवा दूध नाकावाटे बाहेर येते आणि बोलताना हवा नाकातून निसटते. मराठी वर्णमालेत या बिघाडाचे रूप फार स्पष्ट ऐकू येते. ‘ब’, ‘द’, ‘ड’, ‘ग’ यांच्या उच्चारासाठी तोंडात हवेचा दाब साठावा लागतो. तो साठत नसल्याने ‘ब’ हा ‘म’कडे, ‘द’ हा ‘न’कडे आणि ‘ड’ हा ‘ण’कडे झुकतो. ‘बाबा’ म्हणणाऱ्या मुलाचा शब्द ‘मामा’ असा ऐकू येतो. मुळातच अनुनासिक असलेले ‘म’ आणि ‘न’ मात्र जवळजवळ तसेच राहतात. रुग्णाला ‘आ’ करायला सांगितल्यावर टाळू व पडजीभ वर उचलली जात नाही आणि घशाला स्पर्श केला तरी उमळा येत नाही. जीभ, हिरड्या व चेहरा बधिर झाल्याची तक्रार, विशेषतः प्रौढ रुग्ण, करतात. जीभ जड झाल्यास शब्द अडखळतात आणि घास तोंडात फिरवणे कठीण जाते.

पुढच्या काही आठवड्यांत जवळचे अक्षर अस्पष्ट दिसू लागते, कारण डोळ्याचे भिंग जुळवून घेणारे स्नायू दुबळे होतात. त्यानंतर घसा, स्वरयंत्र आणि श्वासपटल यांच्यावर परिणाम होऊ शकतो. जिवाला खरा धोका असतो तो येथे. हातापायांचा दुबळेपणा त्याहूनही उशिरा, कधी घशाचा आवाज सुधारत असतानाच वाढू लागतो. टाळूपासून झालेली सुरुवात आणि हा लांबलेला क्रम यांवरून गीयाँ-बारे विकारापासून (यात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर हल्ला करते) त्याचा भेद करता येतो. हृदयाच्या स्नायूंनाही याच विषाची बाधा होत असल्याने नाडी व हृदयालेखावर (ईसीजी) लक्ष ठेवणे तितकेच आवश्यक असते.

प्रतिविष लवकर द्यावे लागते, कारण पेशींत शिरलेल्या विषावर त्याचा काही उपयोग होत नाही. आवाज गेंगाणा झाल्यावर दिलेले प्रतिविष आधी झालेली हानी भरून काढू शकत नाही. त्या टप्प्यावर मुख्य काम शुश्रूषेचे असते. पातळ पेय श्वासनलिकेत जाण्याची भीती असल्याने, गिळता येत असेल तर रुग्णाला ताठ बसवून खिमट, गुरगुट्या भात किंवा नाचणीची घट्ट पेज लहान लहान घासांनी द्यावी. गिळणे सुरक्षित नसेल तर नाकातून नळी घालून अन्न दिले जाते. श्वास अपुरा पडू लागल्यास कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयातच उपचार व्हायला हवेत. टाळू बहुधा काही आठवड्यांत सुधारतो, तर हातापायांना कित्येक महिने लागू शकतात.

लसीकरण विस्कळीत झाले की हा जुना विकार परत येतो. सोव्हिएत संघाच्या विघटनाच्या सुमारास तेथे उसळलेल्या साथीत, १९९० च्या दशकात दीड लाखांहून अधिक लोकांना घटसर्प झाला आणि त्यांत प्रौढांचे प्रमाण मोठे होते. भारतात जन्मानंतर ६, १० व १४ आठवड्यांनी पंचगुणी लस, पुढे त्रिगुणी लसीच्या वर्धक मात्रा आणि १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्प लस दिली जाते. घटसर्प होऊन गेल्याने खात्रीची प्रतिकारशक्ती येत नाही. म्हणून बऱ्या होत असलेल्या रुग्णालाही वयानुसार लसीच्या मात्रा पूर्ण कराव्या लागतात.