मोनार्क फुलपाखरांचे घरगुती संगोपन व बाग

मोनार्क फुलपाखराला अंडी घालता येतील आणि मकरंद मिळेल अशी झाडे परसात लावणे, तसेच त्याची अंडी किंवा अळ्या उचलून जाळीच्या पेटीत वाढवणे आणि तयार झालेले फुलपाखरू मोकळे सोडणे, असा हा दुहेरी छंद आहे. तो मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडात रुजला आहे. यातला बागेचा भाग महत्त्वाचा. पेटी तिच्यानंतर येते.

मोनार्कचे शास्त्रीय नाव डॅनॉस प्लेक्सिपस. लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याची नोंद केली. रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडचे मोनार्क शरद ऋतूत हजारो किलोमीटर उडत मध्य मेक्सिकोतील ओयामेल या सूचिपर्णी वृक्षांच्या जंगलात जातात आणि तिथे हिवाळा काढतात. पश्चिमेकडचे बहुतेक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उतरतात. मेक्सिकोतील मुक्कामाची ठिकाणे शास्त्रज्ञांना १९७५ मध्ये कळली. झाडांना लगडलेल्या फुलपाखरांखाली किती जंगल व्यापले आहे, यावरून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात हे क्षेत्र सुमारे १८ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरवर आले. मिल्कवीड ही अळ्यांची खाद्यवनस्पती नाहीशी होणे हे या घसरणीचे एक मोठे कारण मानले जाते. तणनाशकाला दाद न देणारी मका आणि सोयाबीन अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात सर्वत्र पेरली जाऊ लागली, तेव्हा बांधावरचे आणि पिकांमधले मिल्कवीड तणाबरोबर जळून गेले. परसात मिल्कवीड लावण्याची धडपड आहे ती त्यामुळेच.

मिल्कवीड म्हणजे ॲस्क्लेपियस प्रजातीतील झाडे. तोडताच पांढरा चीक गळणारी ही झाडे आपल्या रुईच्या जवळच्या नात्यातली. मोनार्कची अळी दुसरे काही खात नाही, म्हणून मिल्कवीड नसलेली बाग कितीही फुललेली असली तरी मोनार्कची पैदास तिथे होत नाही. चिकातली विषारी द्रव्ये अळीच्या अंगात साठतात, पुढे फुलपाखरातही उतरतात आणि बऱ्याच पक्ष्यांपासून त्याचा बचाव करतात. हा चीक माणसाच्या डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. तेव्हा छाटणीनंतर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत.

आपल्या भागातलीच मिल्कवीड जात निवडावी. ओलसर जमिनीत इन्कार्नाटा, कोरड्या आणि निचऱ्याच्या जमिनीत ट्युबरोसा चांगली येते. सिरियाका मुळांवाटे पसरते, तिला जागा लागते. थंड प्रदेशातल्या जातींचे बी ओल्या गारव्यात काही आठवडे ठेवले तर चांगले उगवते. शरद ऋतूत थेट मातीत टाकले तर हे काम हिवाळाच करतो. लाल-पिवळ्या फुलांची कुरासाविका रोपवाटिकांत सहज मिळते, पण उबदार भागात ती हिवाळ्यातही हिरवी राहते. तिच्या पानांवर रोगाचे बीजाणू साचत जातात आणि काही फुलपाखरे स्थलांतर सोडून तिथेच अंडी घालत राहतात. ती लावलीच असेल तर शरदाच्या अखेरीस जमिनीलगत छाटावी. रोप विकत घेताना त्यावर कीटकनाशक वापरले आहे का, हे आवर्जून विचारावे. झाडाच्या रसात भिनणारी कीटकनाशके फवारल्यानंतर बराच काळ पानांत टिकतात आणि अळ्या मारतात.

फुलपाखरांना स्वतःला मकरंद लागतो. वाऱ्यापासून आडोसा असलेल्या उन्हाच्या जागेत एकेका जातीची झाडे झुपक्याने लावली तर ती उडणाऱ्या फुलपाखराला लांबून दिसतात. प्रवासाला निघणाऱ्या पिढीसाठी उशिरा फुलणारी ॲस्टर आणि गोल्डनरॉड सर्वांत मोलाची. मेक्सिकोपर्यंत आणि पुढे हिवाळाभर पुरणारी चरबी याच मकरंदातून साठते.

मादी बहुधा पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडे चिकटवते. टाचणीच्या डोक्याएवढ्या, दुधाळ रंगाच्या या अंड्यावर उभ्या कडा असतात. ३ ते ५ दिवसांत अळी बाहेर येते आणि आधी कवच खाते. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ही अळी साधारण दोन आठवड्यांत चार वेळा कात टाकून ५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. मोठी झालेली अळी पानाचा देठ किंवा मधली शीर कुरतडून ठेवते, चिकाचा प्रवाह तोडते आणि मग पान खाते. शेवटी ती रेशमाची गाठ विणून डोके खाली करून लोंबकळते. काही तासांनी तिची काळी मऊ शिंगे सुरकुततात, अंग ताणले जाते, डोक्यामागची कातडी फाटते आणि आतला हिरवा कोश वळवळत ती झटकून टाकतो. हा कोश तेव्हा इतका मऊ असतो की बोट लागले तरी इजा होते. कडक झाल्यावर त्यावर सोनेरी ठिपके चमकतात. १० दिवस ते २ आठवड्यांत कवच पारदर्शक होऊन नारिंगी पंख दिसू लागतात. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेले आणि ओले असतात. खाली मोकळी जागा ठेवून लोंबकळता आले नाही, तर ते वाकडेच वाळतात. मागच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असेल तर नर समजावा.

पेटीतला मोठा धोका गर्दीचा, कारण तिच्यात रोग पसरतो. ओफ्रिओसिस्टिस इलेक्ट्रोस्किरा हा एकपेशीय परजीवी फुलपाखराच्या पोटावरील खवल्यांत बीजाणूंच्या रूपाने असतो. ते अंड्यावर आणि पानांवर झडतात आणि अळीच्या पोटात जातात. जास्त लागण झालेले फुलपाखरू कोशातून नीट सुटत नाही. पोटावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच टेकवून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बीजाणू दिसतात. म्हणून अळ्या थोड्याच ठेवाव्यात, विष्ठा रोज काढावी, ताजी धुतलेली पाने द्यावीत आणि प्रत्येक खेपेनंतर पेटी ब्लीचच्या पाण्याने धुवावी. कोशातून किंवा अळीतून पांढरे तंतू लोंबताना दिसले, तर आत टॅकिनिड माशीच्या अळ्या वाढल्या होत्या असे समजावे.

निसर्गात शंभर अंड्यांतून पाच-दहाच फुलपाखरे होतात, तेव्हा शेकडो अळ्या घरात वाढवल्या तर संख्या सावरेल, असे वाटणे साहजिक आहे. मोनार्कच्या संवर्धनात काम करणाऱ्या अनेक तज्ज्ञांना ते पटत नाही, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे: रोग पसरतो आणि अळीच्या अन्नाचा प्रश्न तसाच राहतो. घरात वाढलेल्यांना दिशेचे भान राहते का, हाही प्रश्न आहे. २०१९ च्या एका अभ्यासात खोलीत वाढवलेली फुलपाखरे दक्षिणेकडे वळली नाहीत. २०२१ च्या कॅनडातील अभ्यासात मात्र रेडिओ टॅग लावून सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी मोकळ्या हवेत दिशा पकडली. त्यामुळे संगोपन करायचेच तर पेटी बाहेर, नैसर्गिक उजेडात आणि तापमानात ठेवणे हितावह. कॅलिफोर्नियात परवान्याशिवाय मोनार्कची अंडी किंवा अळ्या बाळगता येत नाहीत, म्हणून आधी आपल्या राज्याचा नियम पाहावा.