बोलता बोलता गाणं

१९९५ सालची गोष्ट. सान दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच आपल्याच आवाजातलं निवेदन तपासत होत्या. त्यातला काही शब्दांचा तुकडा त्यांनी पुन्हापुन्हा वाजत ठेवला. थोड्या वेळाने त्यांना वाटलं, खोलीत कुणीतरी गातंय! आवाज त्यांचाच होता आणि ध्वनिमुद्रणात कणभरही बदल झालेला नव्हता.

पुढे त्यांनी याचे रीतसर प्रयोग केले. तुकडा जसाच्या तसा परत आला, तर बोलणं गाणं होतं. अक्षरांची उलटापालट केली किंवा पट्टी जराशी वरखाली केली, तर ही जादू होत नाही. पहिल्यांदा ऐकताना आपलं लक्ष अर्थाकडे असतं, तो कळला की मोकळं झालेलं लक्ष सुरांच्या चढउताराकडे वळतं, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

म्हणूनच मला वाटतं, गाणं लिहिणाऱ्याने यमकाच्याही आधी पुनरावृत्तीचा अभ्यास करावा. एलिझाबेथ मार्ग्युलिस या संशोधिकेने लुचानो बेरिओ आणि एलियट कार्टर या संगीतकारांच्या, पुनरावृत्ती टाळणाऱ्या रचनांमध्ये संगणकावर मुद्दाम पुनरावृत्ती घातली. श्रोत्यांना या बदललेल्या रचना मूळ रचनांपेक्षा जास्त आवडल्या. इतकंच नाही, त्या माणसाने रचल्या असाव्यात असंही त्यांना अधिक वाटलं.

पण मुखडा नुसता घोळवत राहिलं तर कान कंटाळतो. तिथे अंतरा लागतो. मॉन्ट्रिअलमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की आवडत्या संगीतातली उत्कट जागा येण्याआधीच, तिची वाट पाहतानाच, मेंदूच्या एका भागात डोपामाइन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवू लागतं. प्रत्यक्ष जागा आली की दुसऱ्या भागात. वाट पाहण्याचा हा आनंद अंतऱ्याच्या हातात असतो. आणि परतलेल्या मुखड्याचे शब्द तेच राहून अर्थ बदलला असेल, तर काय सांगावं! समजा मुखडा आहे, ‘दार उघडंच आहे’. पहिल्या अंतऱ्यात आई मुलाची वाट पाहते. दुसऱ्यात कळतं, की तो आता येणार नाही. मग पुन्हा तेच, ‘दार उघडंच आहे’.

ओळीला स्वतःची चाल असते. ती सापडण्यासाठी ओळ वीसेक वेळा सलग मोठ्याने म्हणावी, फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावी. आवाज कुठे चढतो, श्वास कुठे तुटतो ते कळतं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घही सांभाळायला हवं. ‘दिन’मधली ‘दि’ लांब सुरावर ताणली, की ऐकणाऱ्याला ‘दीन’ ऐकू येतं आणि दिवसाचा गरीब होतो.

‘दार उघडंच आहे’ मी अशीच म्हणून पाहिली. ‘च’ उच्चारताना हवेची वाट क्षणभर बंद होते, त्यामुळे तिथे सूर लांबवता येत नाही. तो ‘च’ काढला तर ओळ गायला सोपी होते, पण दाराची नुसती माहिती उरते, आईची वाट पाहणं जातं. मग ‘च’ आखूडच ठेवला आणि लांब सूर ‘आहे’च्या ‘हे’वर सोडला. ‘ए’ हा स्वर श्वास पुरेल तितका ताणता येतो.