गोपनीय शेरा आणि त्याला सूट

सरकारी कागद गोपनीय ठरला की त्यावर तसा शेरा मारावा लागतो, हा नियम. काही कागदांवर मात्र तो शेरा किंवा त्यातला एखादा तपशील मुद्दाम गाळायचा असतो, ही त्या नियमातली सूट. नियम सगळ्या कचेरीला पाठ असतो. सूट ठाऊक असते ती टपाल हाताळणाऱ्यांना आणि पोलीस ठाण्यात बातमी लिहून घेणाऱ्यांना. येथे एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा : शेऱ्याला सूट मिळाली म्हणून कागदाची गोपनीयता जात नाही. कागद तितकाच गुप्त राहतो, तसे त्यावर लिहिलेले नसते इतकेच.

या विषयावरचा सर्वांत तपशीलवार मजकूर अमेरिकेचा आहे. २९ डिसेंबर २००९ च्या १३५२६ क्रमांकाच्या कार्यकारी आदेशाने तेथे परमगुप्त, गुप्त आणि गोपनीय अशा तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. कागद प्रथम गोपनीय ठरवताना त्यावर पाच गोष्टी सहज दिसतील अशा नोंदवायच्या : पायरी, ती ठरवणाऱ्याची ओळख, त्याचे खाते व कार्यालय, गोपनीयता कधी संपणार, आणि कारण. शिवाय कोणता परिच्छेद गोपनीय व कोणता खुला, तेही परिच्छेदागणिक दाखवायचे. आणि त्याच कलमात लगोलग अपवाद येतो : या तपशिलांपैकी एखाद्यामुळेच आणखी काही गुप्त माहिती उघड होत असेल, तर तो तपशील गाळावा.

हा अपवाद वॉशिंग्टनच्या कागदावर वाचताना कोरडा वाटतो. तो समजून घ्यायचा तर गडचिरोलीच्या भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातले तीस-चाळीस घरांचे गाव डोळ्यांपुढे आणावे. पोलिसांच्या मराठीत एक ठरीव वाक्य आहे, ‘गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाली की…’, आणि असंख्य पंचनामे त्यानेच सुरू होतात. नाव नाही, गाव नाही, धंदा नाही. मुंबईच्या उपनगरात बातमीदाराला ‘स्थानिक दुकानदार’ म्हटले तर तो हजारांत एक असतो. ज्या गावात किराण्याचे दुकानच एक, तेथे ‘स्थानिक दुकानदार’ हे शब्द म्हणजे त्याचे नाव, बापाचे नाव आणि घराचा पत्ता. तारखेचेही तसेच. बाजाराच्या दिवशी तालुक्याला कोण गेले होते हे अख्ख्या गावाला ठाऊक असते, त्यामुळे ‘अमुक तारखेला समक्ष येऊन सांगितले’ एवढ्याने माणूस सापडतो. गडचिरोलीत खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून माओवाद्यांनी माणसे मारली आहेत, म्हणून हा शब्दच्छल नव्हे. नाव झाकले, पण तारीख, गाव आणि धंदा राहू दिला, तर झाकले काहीच नाही. गाव जितके लहान तितके जास्त रकाने कोरे ठेवावे लागतात, हे नियमपुस्तकात लिहिलेले नसले तरी जुन्या ठाणे अंमलदाराला न सांगता कळते.

कायद्यानेही हे मानले आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १२५ म्हणत होते की, गुन्ह्याची बातमी कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती दंडाधिकाऱ्यावर वा पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे संरक्षण चालू आहे. अमेरिकेत मानवी स्रोतासाठी आणखी एक खास सोय आहे. एरवी कागदावर गोपनीयता संपण्याची तारीख घालावी लागते. पण ज्या माहितीवरून गुप्त माणसाची ओळख पटणार हे उघड आहे, तिच्यावर तारखेऐवजी एक सांकेतिक खूण घालतात. तारीख घातली तर तिची वाट पाहणारा कोणी असू शकतो.

शेरा झाकण्याचे दुसरे, रोजच्या वापरातले साधन म्हणजे लखोट्यात लखोटा. गुप्त कागद दोन पाकिटांत घालतात. आतल्या पाकिटावर शेरा, मोहोर आणि उघडणाऱ्याचे नाव वा पदनाम असते. बाहेरच्यावर साधा पत्ता, आत काय आहे याची कसलीही खूण नाही. भारतीय कचेऱ्यांचा रिवाज आणि अमेरिकेचे नियम येथे एक आहेत. तालुक्याच्या बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक शाखेत, हे असे दिसते : जिल्ह्याहून आलेल्या थैलीतून दहा-बारा पाकिटे टेबलावर पडतात. आमसभेची नोटीस, पीक पाहणीचे स्मरणपत्र, कोणाच्या तरी पेन्शनचा कागद. बारनिशी लिपिक पट्टीने एकेक फाडत जातो, आवक क्रमांक टाकतो, आणि एका जरा जाड पाकिटातून दुसरे पाकीट निघते. त्यावर तांबडी शाई, चारही कोपऱ्यांना डिंक, मधोमध लाख. पट्टी खाली ठेवली जाते. रजिस्टरात विषयाच्या रकान्यात ‘बंद लखोटा’ एवढेच लिहून ते साहेबांच्या मेजावर पोचवायचे. पाणी घेऊन आलेला शिपाई विचारतोच, ‘‘काहून एवढं चिकटवलं जी, बाबूसायेब?’’ दुपारच्या चहापर्यंत टपरीवर माहीत झालेले असते की कचेरीत काहीतरी आले आहे. म्हणजे आतला शेरा वाटेत टिकला आणि शेवटच्या वीस पावलांत फुटला. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात पळसावर नि कुसुमावर धरणारी लाख मोहोरेला उत्तम. पण कोणी हौसेने तीच बाहेरच्या पाकिटावरही ओतली, तर एक अक्षर न लिहिता शेरा मारल्यासारखेच आहे.

बाकीच्या सवलती सोयीच्या आहेत. अमेरिकेत कच्च्या टिपणांवर तयार केल्याची तारीख आणि सर्वांत वरची पायरी घातली की भागते. पूर्ण शेरा लागतो तो टिपण १८० दिवसांहून अधिक ठेवले किंवा खात्याबाहेर पाठवले तर. परिच्छेदागणिक खूण करण्यातून माहिती सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाचा संचालक तात्पुरती माफी देऊ शकतो, आणि तिचा गैरवापर दिसला तर ती काढून घ्यावी लागते. परदेशी सरकारच्या कागदावर मूळचा शेरा पुरेसा असेल तर नवा मारण्याची गरज नाही. अणुशस्त्रांसंबंधीची माहिती १९५४ च्या अणुऊर्जा कायद्याखाली येते, तिच्यावर गोपनीयता संपण्याची तारीख घालतच नाहीत. या सगळ्यांच्या मागे एक संरक्षक वाक्य उभे आहे : आवश्यक खुणांपैकी काही राहून गेल्या, तरी जी पायरी ठरवली तीच कायम. बाबूचा विसर म्हणजे जनतेला परवानगी, असे होत नाही.

ब्रिटनने याहून धीट पाऊल उचलले. २ एप्रिल २०१४ पासून तेथे शासकीय, गुप्त आणि परमगुप्त अशा तीनच पायऱ्या उरल्या, ‘गोपनीय’ व ‘प्रतिबंधित’ मोडीत निघाल्या. सर्वांत खालच्या ‘शासकीय’ पायरीतल्या नेहमीच्या कागदावर शेरा मारण्याची सक्तीच नाही. सरकारचे बहुतांश काम याच पायरीत मोडते, म्हणजे तेथे शेऱ्याविना असणे हीच रीत झाली. आपल्याकडे याच्या उलट दिशा दिसते. ‘गोपनीय’ला कोणी जुमानत नाही म्हणून ‘अतिगोपनीय’, त्यालाही जुमानत नाहीत म्हणून ‘अत्यंत गोपनीय व तातडीचे’. आणि मग त्याच पत्राची पीडीएफ प्रत तलाठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

भारतात या शेऱ्याचे कायद्यातले स्थान समजते त्याहून कच्चे आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात गुपित कशाला म्हणायचे याची व्याख्या नाही, आणि कागदावर कोणता शेरा मारायचा याचाही उल्लेख नाही. परमगुप्त, गुप्त, गोपनीय, प्रतिबंधित या केंद्राच्या चार पायऱ्या खातेनिहाय सुरक्षा सूचनांतून आल्या आहेत. १२ ऑक्टोबर २००५ ला माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे अंमलात आला आणि शेऱ्याची मातब्बरी आणखी घटली. कलम २२ नुसार हा कायदा गुपिते अधिनियमाला वरचढ ठरतो. कलम ८(२) सांगते की, माहिती उघड करण्यातले जनहित नुकसानीहून जड असेल तर ती देता येते. म्हणून ‘पत्रावर गोपनीय असा शेरा असल्याने माहिती देता येत नाही’ हे उत्तर अपुरे आहे. नकार द्यायचा तर कलम ८ किंवा ९ मधले कारण दाखवावे लागते. वर सांगितलेल्या बातमीदाराला याच कायद्यात ८(१)(छ) चे कवच आहे : जिवाला धोका होईल, किंवा विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत ओळखू येईल, असे काही देऊ नये. कलम १० तर अमेरिकेच्या परिच्छेदागणिक खुणेचाच देशी भाऊ आहे. झाकायचे तेवढे झाकावे आणि उरलेले द्यावे. तालुक्याला याचे रूप म्हणजे झेरॉक्सवर काळ्या स्केचपेनने मारलेली पट्टी. ती उन्हात धरली की खालचे नाव बहुधा वाचता येते. झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढणे हा त्यावरचा उपाय, आणि तो सगळ्यांना सुचतो असे नाही.

ग्रामीण भागातल्या बहुतेकांचा ‘गोपनीय’ या शब्दाशी पहिला संबंध येतो तो दहावी-बारावीच्या परीक्षेत. मंडळाच्या प्रश्नपत्रिकांना ‘गोपनीय साहित्य’ म्हणतात. त्या सांभाळण्यासाठी नेमलेल्या परिरक्षकाच्या ताब्यात असतात आणि सीलबंद पाकिटातून केंद्रावर येतात. गंमत अशी की गोपनीयता सगळी पाकिटाला चिकटलेली असते. आतला कागद परीक्षार्थींच्या हातात पडायचा असतो, त्यावर शेरा मारण्यात अर्थ नाही. ठरल्या वेळी पाकीट फोडले की त्या क्षणी गुपित संपते, कोणाची सही नको की आदेश नको. गोपनीयता संपण्याची वेळ आधीच छापून ठेवण्याचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण.

नोकरदारांचा ‘गोपनीय अहवाल’ हा तिसराच प्रकार. शिक्षक आणि ग्रामसेवक त्याला ‘सीआर’ म्हणतात. येथे शेरा होता तो ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यापासूनच लपवण्यासाठी. देव दत्त खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अहवालातली प्रत्येक नोंद, चांगलीही, संबंधिताला कळवली पाहिजे. कागदोपत्री त्याचे ‘कार्यमूल्यांकन अहवाल’ झाले, बोलण्यात ‘गोपनीय’ टिकून आहे.

नकाशांत सूट अगदी टोकाला जाते : खूणच करायची नाही. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या आखणीत नागपूर ५५ क्रमांकाच्या पत्रकात येते आणि चंद्रपूर ५६ च्या. सीमा आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातली पत्रके दीर्घकाळ प्रतिबंधित होती. विदर्भ दोन्हींपासून लांब, त्यामुळे येथली पत्रके मिळणे तुलनेने सोपे गेले. पण याच मुलखात पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, भद्रावतीचा आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरचा आयुध निर्माणीचा परिसर आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणाची एक आणि सर्वांसाठी एक अशा दोन नकाशामाला केल्या, आणि संवेदनशील ठिकाणे दुसऱ्या मालेतून वगळली. ‘येथे गुप्त ठिकाण आहे’ असा शेरा म्हणजे बोट दाखवणेच झाले असते. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी रोख आणखी बदलला. अमुक जागाच निषिद्ध, अशा याद्या न ठेवता कोणत्या प्रकारचे वर्णन नोंदवायचे नाही ते ठरवण्याची दिशा घेतली. जमीन दिसली तरी चालेल, तिथे काय आहे ते लिहू नये. वर्धा-पुलगाव रस्त्यावरच्या माणसाला यात हसू येईल. ३१ मे २०१६ च्या पहाटे भांडारात आग लागून स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या गावांना नकाशा पाहावा लागला नव्हता.

शेरा काढण्याची रीत हा या विषयाचा दुर्लक्षित कोपरा. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख अधिनियमाप्रमाणे गोपनीयतेची पायरी कायम असलेला कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जात नाही. आधी पायरी उतरवावी लागते. ती उतरवण्याचे काम कोणाच्याच टेबलावर नसेल, तर कागद कपाटातच पिवळा पडतो. खुले झालेले गठ्ठे मोठे असले की पानोपानी जुना शेरा खोडणे शक्य नसते. अमेरिकेत त्यासाठी खोक्यावर वा गठ्ठ्यावर एकच सूचना लावायची मुभा आहे, ही सूट बाकीच्यांच्या उलट्या बाजूची. त्यामुळे वाचकाला विचित्र दृश्य दिसते. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने दिल्लीला धाडलेले पाक्षिक अहवाल आज कोणीही मागवून वाचू शकतो. ऑगस्ट १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात चिमूर आणि आष्टीला काय घडले ते त्या काळच्या सरकारी नजरेने पाहायचे तर तेच चाळावे लागतात. आणि पानाच्या माथ्यावर गोपनीयतेचा जुना शेरा अजून तसाच असतो, न खोडलेला.