प्लॅस्टिकच्या भागाचे सिम्युलेशन: एका आलेखावर का भागत नाही

नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन किंवा अ‍ॅसिटलच्या भागासाठी बहुतेक वेळा डेटाशीटवरचा एकच स्ट्रेस-स्ट्रेन आलेख (किती ताणाला मटेरियल किती ताणले जाते हे दाखवणारा) संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्या आमच्याकडे येतो. भाग किती वाकेल याचा ढोबळ अंदाज त्यावरून बांधता येतो, पण तो कुठे आणि केव्हा फाटेल हे त्यातून कळत नाही.

या प्लॅस्टिकमध्ये स्फटिकांचे पातळ थर असतात आणि त्यांच्यामध्ये विस्कळीत साखळ्यांचा मऊ भाग. यील्डच्या (म्हणजे कायमची विकृती सुरू होते त्या ताणाच्या) सुमारास थर घसरू लागतात, मऊ भागात सूक्ष्म पोकळ्या पडतात. वाकवलेली जागा पांढरी पडते ती बहुधा यामुळेच. पोकळ्यांमुळे आकारमान वाढते. धातूसाठी वापरतात ते फॉन मिसेस मॉडेल हे आकारमान स्थिर धरते, शिवाय ओढ आणि दाब यांत फरक करत नाही. प्रत्यक्षात दाबाखालचे यील्ड जास्त असते. म्हणून आम्ही ड्रकर-प्रागर धर्तीचा (ओढ आणि दाब यांतला फरक धरणारा) यील्डचा निकष आणि पोकळ्यांच्या वाढीचा हिशेब एकत्र वापरतो.

चाचणीचे नमुने शक्यतो आपल्याच भागातून, साच्यात प्लॅस्टिक वाहिले त्या दिशेत आणि आडवे, असे दोन्ही कापावेत. नायलॉन असेल तर ओलावा नोंदवाच: कोरड्या नायलॉन ६चे काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर विस्कळीत साखळ्यांचा कडकपणा जातो ते) साधारण ५०–६० अंश सेल्सिअस असते, आणि ओलावा शोषल्यावर ते बरेच खाली येते. ओढचाचणी निदान तीन वेगांना करावी, उदाहरणार्थ मिनिटाला १, १० आणि १०० मिमी. वेग वाढला की यील्ड चढते, पण वेगवान चाचणीत नमुना आतून तापून मऊही होतो, म्हणून पृष्ठभागाचे तापमान मोजावे. नमुना एका जागी बारीक होऊन मान पडल्यानंतर एक्स्टेन्सोमीटर (लांबीतली वाढ मोजणारे उपकरण) फक्त सरासरी स्ट्रेन दाखवतो. तिथे ठिपके मारलेल्या नमुन्याचे कॅमेऱ्याने मोजमाप लागते.

सर्वांत जास्त चुका भार चढवण्या-उतरवण्याच्या चाचणीत होतात. उतरत्या रेषेचा उतार कमी झाला की ती सगळी घट नुकसान म्हणून मांडली जाते. त्यातला काही भाग निव्वळ व्हिस्कोइलॅस्टिक (वेळ घेऊन परतणारा लवचीक) असतो आणि थोड्या वेळाने भरून येतो. म्हणून प्रत्येक चक्रानंतर शून्य भारावर नमुना थांबवून उरलेला स्ट्रेन वेळेनुसार नोंदवावा. याशिवाय वेगवेगळ्या त्रिज्यांच्या खाचांचे नमुने हवेतच, कारण पोकळ्यांची वाढ तिन्ही दिशांच्या ओढीवर अवलंबून असते आणि ती ओढ खाचेच्या त्रिज्येनुसार बदलते.

अहवालात एकाच मेशचा (हिशेबासाठी भागाचे छोट्या तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटमध्ये, केलेल्या एकाच विभागणीचा) निकाल असेल तर तो स्वीकारू नका, आमचा असला तरीही. नुकसानामुळे मटेरियल मऊ होऊ लागले की विकृती एलिमेंटच्या एकाच ओळीत साठते. मेश बारीक करावी तशी तुटण्याची ऊर्जा घटत जाते. मॉडेलमध्ये नुकसान किती रुंदीत पसरते हे ठरवणारे लांबीचे माप घातल्याशिवाय हे थांबत नाही.