वजन परत आलं, म्हणून ऑपरेशन फुकट गेलं नाही

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी चतुर्थीला सगळी जमली की पहिला विषय निघतो तो कोण बारीक झालं नि कोण सुटलं याचा. यंदा तो विषय निघाला तेव्हा आते स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. सहा वर्षांपूर्वी तिने मुंबईत वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. ११८ किलोंची आते दीड वर्षात ७९ वर आली. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, विहिरीवरून कळशी आणताना धाप लागेनाशी झाली. आता काटा ९३ दाखवतो. रात्री मोदकपात्र घासताना ती मला हळूच म्हणाली, "काय सांगू गो तुका, काटो परत चढलो. डॉक्टराक तोंड दाखवूक लाज वाटता." ती शेवटची तपासणीला गेली त्याला चार वर्षं झाली.

मला विचाराल तर परत आलेल्या १४ किलोंपेक्षा ही लाज जास्त नुकसान करते. वजन परतणं हा गुन्हा नाही, तो या आजाराचा स्वभाव आहे. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला तर आपण कुणाला नावं ठेवत नाही, दवाखान्यात जातो. लठ्ठपणाच्या बाबतीत मात्र माणूस घरात लपतो, आणि ज्या काळात उपाय सोपा असतो तोच काळ हातचा जातो.

आकडे काय सांगतात ते आधी बघू. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशी ऑपरेशनं झालेल्या माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. त्यात जठराचं बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे थोडंफार वजन परत येणं हेच सरासरी चित्र आहे. त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही कमी आढळलं. आतेचे उतरलेले ३९ किलो धरले तर त्यातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग परतलाय. दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही ही. पण उरलेले २५ किलो, म्हणजे मूळ वजनाचे २१ टक्के, अजूनही उतरलेलेच आहेत, आणि ती ते विसरून गेली आहे.

वजन परततं का, हे समजायला ऑपरेशन नेमकं काय करतं ते पाहायला हवं. आपल्याकडे दोन प्रकार जास्त होतात. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्तच कापून काढतात, मागे केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला लहान अंड्याएवढी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत पोट लहान होतं, पण खरी करामत संप्रेरकांची आहे. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं तोच भाग स्लीव्हमध्ये निघून जातो. जेवल्यावर आतड्यातून सुटणारं जीएलपी-१ हे तृप्तीचं संप्रेरक दोन्ही ऑपरेशनांनंतर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सुटतं. म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष भूकच लागत नाही.

मेंदू मात्र हे सगळं दुष्काळ समजतो. शरीरातली चरबी घटली की तिच्यातून रक्तात येणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, आणि लेप्टिन घटलं की मेंदू भूक वाढवतो नि ऊर्जेचा खर्च कमी करतो. अमेरिकेत टीव्हीवरच्या एका वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. त्यांचं वजन ऑपरेशनाने नव्हे, उपास आणि व्यायामाने उतरलं होतं. ऑपरेशननंतर हा परिणाम सौम्य असल्याचं दिसतं, हा ऑपरेशनाचा एक मोठा फायदाच. तरीही ओढ त्याच दिशेची असते.

५०० कॅलरी म्हणजे किती, हे वेंगुर्ल्याच्या माणसाला मी काजूत सांगते. तीन लहान मुठी. आमच्याकडे काजूचा डबा बंद असा कधी नसतोच. फॅक्टरीतून आणलेली तुकडा काजू ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यात असते आणि येता-जाता हात त्यात जातो. आते जेवते वाटीभर, पण दिवसभर चरते. दोन काजू, चहाबरोबर अर्धी नानकटाई, नातवाने टाकलेला घावन्याचा तुकडा. लहान पोट एकदम जास्त खाऊ देत नाही, पण थोडं थोडं सतत खाल्लेलं ते अडवू शकत नाही. वजन परतण्यामागे सर्वांत जास्त वेळा सापडणारी सवय ही, आणि ती सापडायला दोन-चार दिवस प्रत्येक घास वहीत लिहावा लागतो. आतेने लिहिलं तेव्हा तिलाच खरं वाटेना.

दुसरी गोष्ट पेजेची. सकाळची पेज म्हणजे आमचा जीव. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यांत पातळ खायला सांगतात म्हणून पेज सुरू झाली आणि सहा वर्षं तीच चालू राहिली. पातळ, मऊ भात लहान पोटातून भराभर पुढे सरकतो, तासाभरात पुन्हा रिकामं वाटतं. तेच गोड कोकम सरबताचं, शहाळ्याचं, आमरसाचं. चावून खायचा घट्ट आणि प्रथिनांचा पदार्थ पोटात जास्त वेळ थांबतो. त्यासाठी कोकणात काही दुरून आणावं लागत नाही. १०० ग्रॅम बांगड्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तेवढ्याच कच्च्या कुळथात साधारण २२. ऑपरेशननंतर रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं सांगतात. ताटात आधी मासा किंवा कुळथाची घट्ट पिठी, मग भाजी, भात शेवटी. सोलकढी जेवणाबरोबर न घेता अर्ध्या तासाने. पेज सोडा असं मी आतेला म्हटलं नाही, आठवड्यातून दोनदा घे आणि बरोबर अंडं खा म्हटलं.

घरातल्या पुरुषांपैकी कुणाचं बायपास झालं असेल तर आणखी एक सांगायला हवं. बायपासनंतर दारू रक्तात फार वेगाने चढते आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो. फेणी असो की बिअर, तिच्या कॅलरी वेगळ्याच.

सगळा दोष खाण्यावर ढकलण्याआधी मात्र तपासण्या व्हायला हव्यात. थायरॉइड मंदावलंय का? इन्सुलिन, स्टेरॉइड, मनोविकारांवरची काही औषधं वजन वाढवतात, असं औषध मध्येच सुरू झालं का? बायपासनंतर काहींची साखर जेवणानंतर दोन-तीन तासांनी एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात आणि माणूस गोड खात सुटतो. इथे कारण चटावलेली जीभ नसून उतरलेली साखर असते. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, गुडघेदुखीने चालणं बंद होणं, घरातलं एखादं दुःख, हेही विचारलं गेलं पाहिजे. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांची पातळी तर पाहायलाच हवी, कारण चार वर्षं तपासणी नाही म्हणजे त्यांच्या गोळ्याही सुटलेल्या असतात. आतेच्या सुटल्या होत्या.

आता औषधांकडे येऊ. गेल्या काही वर्षांत खरा बदल इथे झालाय. वर ज्या जीएलपी-१ चा उल्लेख केला ते शरीरात दोन-चार मिनिटांतच मोडून जातं. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड ही त्याची टिकाऊ रूपं आहेत. पहिलं रोज टोचायचं, दुसरं आठवड्यातून एकदा. टिर्झेपाटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. ऑपरेशनाने जो स्वर लावला होता तोच ही इंजेक्शनं पुन्हा वर उचलतात, असं म्हणता येईल. लंडनमध्ये झालेल्या एका चाचणीत ऑपरेशनचा पुरेसा फायदा न झालेल्या ७० जणांपैकी काहींना लिराग्लुटाइड आणि काहींना नुसतं दिसायला तसंच इंजेक्शन दिलं. २४ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी ८.८ टक्क्यांनी घटलं, दुसऱ्या गटाचं जेमतेम अर्ध्या टक्क्याने. निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ९३ किलोंच्या माणसाला ८.८ टक्के म्हणजे आठेक किलो. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड यांनी ऑपरेशन न झालेल्यांमध्ये याहून जास्त वजन उतरवलंय.

पण या सुयांची दुसरी बाजू स्पष्ट सांगते. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. पित्ताशयात खडे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा, मेड्युलरी म्हणतात त्याचा, घरात इतिहास असेल तर ही औषधं देत नाहीत, गरोदरपणातही नाहीत. आधीच लहान पोटाचा माणूस आणखी कमी खाऊ लागला की स्नायू झडतात आणि जीवनसत्त्वं उतरतात, म्हणून प्रथिनं आणि रक्ततपासणी सोडता येत नाही. आणि औषध थांबवलं की भूक परत येते. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परतला. ही लांब पल्ल्याची औषधं आहेत, खर्चाचा हिशेब आधीच डॉक्टरांसमोर मांडावा. टिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून किंवा परस्पर दुकानातून सुई आणणं हा जिवाशी खेळ आहे.

तिसरा मार्ग दुर्बिणीचा, आणि तो मुख्यतः बायपासवाल्यांसाठी. पिशवी आणि आतडं यांच्यामधलं तोंड सुरुवातीला सेंटिमीटरभर रुंद असतं. काही वर्षांत ते सैल होतं, दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत पसरतं. मेर, म्हणजे बांध, फुटली की कुणग्यात, भाताच्या खाचरात, पाणी ठरत नाही तसं अन्न पिशवीत ठरत नाही, खाल्लं की लगेच खाली. तोंडावाटे दुर्बीण घालून डॉक्टर त्या तोंडाचा काठ अरगॉन वायू आणि विजेच्या साहाय्याने हलकेच भाजतात. भाजल्याची जखम भरताना कातडी आकसते ना, तसा तो काठ आकसतो. हे बहुधा काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा करावं लागतं. दुसऱ्या पद्धतीत दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या शिलाईच्या यंत्राने आतूनच टाके घालून तोंड अरुंद करतात. बाहेर कुठेही छेद नाही. वर्षभरात शरीराच्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास घट मिळाल्याचे अनुभव आहेत. तोंड जास्तच आवळलं तर उलट्या होतात, रक्तस्राव किंवा अल्सरही होऊ शकतो, म्हणून हे काम हात बसलेल्या माणसाकडेच करून घ्यावं. स्लीव्हची सैलावलेली नळीही आतून शिवता येते, पण तिथला अनुभव अजून तोकडा आहे. पोटात फुगा ठेवण्याच्या जाहिराती दिसतात, तो मात्र जठराचं ऑपरेशन झालेल्यांसाठी नाही.

यातलं काहीही एकट्याने पुरत नाही. औषध असो वा टाके, खाणं आणि स्नायूंचा व्यायाम बरोबर लागतोच. "बागेत राबतंय तां काय व्यायाम न्हय?" असं आतेने विचारलं. आहेच, पण दंड-मांड्यांवर भार पडेल असं आठवड्यातून दोनदा तरी हवं. पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन खुर्चीवरून उठबस केली तरी सुरुवात होते.

कोकणातल्या माणसाची खरी अडचण अंतराची. ऑपरेशन मुंबईला किंवा पुण्याला होतं, तपासणीसाठी तुतारी एक्सप्रेसचं आरक्षण, एक रात्र जायची, एक यायची, नातेवाइकांकडे मुक्काम. पहिल्या वर्षी माणूस जातो, मग भात कापून होईपर्यंत, मग आंब्याचा हंगाम सरेपर्यंत, असं करत राहून जातं. रक्ताच्या बहुतेक तपासण्या तालुक्याला होतात, आहारतज्ज्ञांशी बोलणं फोनवर होतं. मुंबईची फेरी फक्त दुर्बिणीसाठी किंवा औषध ठरवण्यासाठी ठेवता येते. सर्वांत कमी वजनापेक्षा पाच-सहा किलो वाढले की फोन करायचा, चौदाची वाट बघायची नाही, एवढं मात्र ऑपरेशनच्या दिवशीच ठरवून टाकावं.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी आतेने फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला तो वजनाचा नव्हता. ऑपरेशन कोणतं झालंय, विचारलं. "बायपास," आते म्हणाली, गावात सगळे तसंच म्हणतात. कागद बघून सांगा, असं उत्तर आलं. आम्ही माळ्यावरची ट्रंक उतरवली. जुन्या सातबाराच्या उताऱ्यांखाली डिस्चार्जचा कागद सापडला, कडेने वाळवी लागलेला, पण मजकूर शाबूत. त्यावर स्लीव्ह लिहिलं होतं. तोंड आवळायच्या दुर्बिणीचा विषय तिथेच मिटला, आणि थायरॉइड, साखर आणि बी-१२ च्या चिठ्ठ्या फोनवर आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आम्ही दोघी बाजारात गेलो.