टीएचआरचं पाकीट आणि आईचं ताट

कुपोषणाची बातमी आपल्याकडे जूनच्या शेवटी येते आणि दिवाळीच्या आसपास विरून जाते. मेळघाट, जव्हार-मोखाडा, धडगाव, भामरागड ही आदिवासी भागांची नावं आलटूनपालटून छापली जातात. पावसाळ्यात कणगी रिकामी, मजुरी बंद, रस्ते तुटलेले, त्यात हगवण आणि न्यूमोनिया, हे आता सगळ्यांना पाठ आहे. अंगणवाडीतून गरोदर बाया, स्तनदा माता आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांना मिळणाऱ्या घरी न्यायच्या आहारावरून (टेक होम रेशन, म्हणजे टीएचआर) अधूनमधून जो वाद पेटतो, त्याचं मूळ मात्र निविदांच्या फायलींत शोधावं लागतं.

जुना भाग थोडक्यात. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी, म्हणजे पिठाचा गोड खाऊ, वाटली गेली. मिलो, म्हणजे आयात केलेली लाल ज्वारी, खाल्लेल्या पिढीला तिची चव अजून आठवते. सरकारी पोषण आहार म्हणजे पीठ किंवा भुकटी हे समीकरण तेव्हापासून डोक्यात बसलं असावं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यांत धारणी होतं, म्हणजे मेळघाटच. त्याच मेळघाटातले बालमृत्यू १९९३ मध्ये राज्यभर गाजले. त्याच्या आगेमागे जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी मंत्रालयाची झोप उडवली होती. त्यातून १९९५ ला नवसंजीवन योजना आली. तिच्यातली एक तरतूद मला आजही सगळ्यात शहाणी वाटते: बुडीत मजुरी. आजारी मूल दवाखान्यात ठेवलं की आईचा रोज बुडतो, म्हणून ती चौथ्या दिवशी मुलाला उचलून घरी नेते. तो रोज भरून द्यायचा, एवढीच कल्पना. पैसे वेळेवर किती ठिकाणी पोचले हा भाग वेगळा, पण आईच्या पोटाचा आणि मुलाच्या वजनाचा हिशेब एकाच वहीत मांडणारं असं काही फार कमी वेळा झालं.

वजनाच्या श्रेणींचा बदलही ओझरता सांगायला हवा. पूर्वी श्रेणी एक ते चार असायच्या आणि ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली मुलं’ हा बातम्यांचा ठरलेला शब्दप्रयोग होता. २००८ नंतर आंतरराष्ट्रीय वाढ-तक्ते स्वीकारले गेले. पुढे उंचीच्या मानाने वजन आणि दंडाचा घेर मोजून सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) मुलं वेगळी काढायला सुरुवात झाली. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्या खाली असेल तर सॅम. तक्ते बदलल्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. तरी दर अधिवेशनात कोणी ना कोणी ते ठेवतंच.

आता मुख्य गोष्ट. अन्नाच्या हक्कासाठी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि तिच्यात एकामागून एक अंतरिम आदेश येत गेले. ७ ऑक्टोबर २००४ चा आदेश त्यांतला सर्वात नेमका: अंगणवाडीतल्या आहाराच्या पुरवठ्यासाठी ठेकेदार वापरायचे नाहीत, आणि पैसा शक्यतो गावातले लोक, बचत गट आणि महिला मंडळं यांच्यामार्फत खर्च करायचा. भाषा इतकी सरळ होती की पळवाट सापडायला नको होती. पण पुढची पंधरा वर्षं महाराष्ट्रात जे झालं ते या आदेशाच्या अवतीभवतीच फिरत राहिलं.

पहिली वाट केंद्राच्याच परिपत्रकातून निघाली. फेब्रुवारी २००९ मध्ये आहाराचे नवे निकष आले. मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं. इथवर कोणाचीच तक्रार नव्हती. पण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार ‘सूक्ष्म पोषकतत्त्वयुक्त आणि/किंवा ऊर्जादाट’ असावा, असंही त्यात होतं. त्या ‘आणि/किंवा’वर कारखाने उभे राहिले. जीवनसत्त्वं आणि खनिजं ठरलेल्या प्रमाणात मिसळायची तर यंत्र हवं, यंत्र हवं तर भांडवल हवं, आणि भांडवल बचत गटाकडे कुठून असणार? हा युक्तिवाद मंत्रालयात इतका रुजला की आहार गावात शिजू शकतो, ही शक्यता फाईलवर येईनाशीच झाली.

दुसरी वाट ‘महिला मंडळ’ या दोन शब्दांतून काढली गेली. राज्यातला बहुतेक टीएचआरचा पुरवठा तीन महिला संस्थांकडे गेला. कागदोपत्री आदेशाचं पालन झालं. २०१२ मध्ये न्यायालयानेच नेमलेल्या आयुक्तांच्या वतीने झालेल्या पाहणीत निष्कर्ष निघाला की या संस्था नावापुरत्या आहेत आणि त्यांच्यामागे खासगी उत्पादक कंपन्या आहेत. अहवाल गाजला. पुरवठा सुरूच राहिला.

पाकीट कसं होतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत शिरा, उपमा किंवा सुकडी या नावाची भुकटी. गरम पाण्यात कालवून किंवा थोडं शिजवून खायची. महिन्याची पाकिटं एकदम हातात यायची. घरात पाच-सात माणसं, एका वेळच्या पिठाची पंचाईत, अशा ठिकाणी ‘हे फक्त धाकट्याचं’ असं कोण ठरवणार? एक तर ते सगळ्यांत वाटलं जायचं, नाही तर गुळचट वास न आवडल्यामुळे शेळीपुढे जायचं. अंगणवाडीताईंना हे पक्कं ठाऊक असायचं. रजिस्टरमध्ये मात्र लाभार्थ्याने आहार सेवन केला, अशीच नोंद व्हायची, कारण दुसरा रकानाच नव्हता.

२०१६ मध्ये नव्या निविदा निघाल्या, साधारण ६३०० कोटींच्या. राज्यातले बालविकास प्रकल्प एकत्र बांधून मोठे गट केले होते आणि पात्रतेच्या अटी अशा होत्या की तालुक्यातला बचत गट दारातच अडावा. बचत गट कोर्टात गेले. २६ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कंत्राटं रद्द केली आणि गावपातळीवरच्या गटांना भाग घेता येईल अशी प्रक्रिया नव्याने करायला सांगितलं. २००४ मध्ये सांगितलेलंच पुन्हा सांगावं लागलं. प्रशासनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. शंभर गटांची शंभर स्वयंपाकघरं तपासायची कोणी, पिठात अळी निघाली तर जबाबदार कोण, हे प्रश्न खरेच होते. पण मोठ्या पुरवठादाराच्या पाकिटांबद्दलच्या तक्रारी वर्षानुवर्षं साचल्या, तेव्हा ही तपासणीची काळजी कुठे होती, तेही विचारायला हवं.

या सगळ्या खटाटोपात आई बाजूला पडली. सुदैवाने २०१५ मध्ये, म्हणजे पाकिटांचा वाद ऐन भरात असताना, आदिवासी भागासाठी एक निराळा निर्णय झाला: डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. गरोदरपणाचे शेवटचे आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने, महिन्यातले २५ दिवस एक वेळचं गरम जेवण. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि अंडं किंवा केळं. यातली खरी गोम पदार्थांत नाही, जागेत आहे. हे जेवण अंगणवाडीत बसून खायचं असतं. घरी नेलं की ते सासू, दीर, थोरली पोरं असं फिरत फिरत शेवटी तिच्यापर्यंत येतं. अंगणवाडीच्या ओसरीवर दोघीतिघी शेजारी बसल्या की ताट तिचंच राहतं. पुढच्या वर्षी मुलांनाही आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं सुरू झालं.

योजना स्थानिक आहार समिती आणि ताईंच्या संयुक्त खात्यातून चालते. एका ताटाला सुरुवातीला २२ रुपये धरले होते, दर पुढे वाढवावा लागला. निधी उशिरा आला की ताई किराणा दुकानात उधारी करतात, गॅस संपला तर चूल पेटवतात. शिवाय स्थलांतर आहेच. दिवाळीनंतर मेळघाटातली कोरकू आदिवासी कुटुंबं कामाला बाहेर पडतात ती होळीला परततात. तेवढे महिने ताट गावात आणि बाई वीटभट्टीवर.

कोविडमध्ये पाकिटं बंद होऊन कोरडा शिधा आला: गहू, हरभरा, मसूर डाळ, तिखट, हळद, मीठ, तेल. तो निदान घरात शिजत होता. नंतर पुन्हा तयार मिश्रणांची पाकिटं आली आणि त्याच तक्रारी मागच्या दाराने परतल्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४६ टक्क्यांवर होतं. ते २०१५-१६ ला ३४.४ पर्यंत उतरलं आणि २०१९-२१ ला ३५.२ वर अडलं. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्के. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेला. या शेवटच्या आकड्याची बातमी फारशी कोणी केली नाही.

पूरक आहाराचा दर २०१७ मध्ये ठरला तो मुलासाठी दिवसाला ८ रुपये, मातेसाठी साडेनऊ आणि तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. पुढची कित्येक वर्षं तो जागचा हलला नाही. अंड्याचा भाव तेवढा हलत राहिला. त्याच काळात नोंदी मात्र वाढल्या. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर ॲप आलं तेव्हा ते इंग्रजीत असल्याची तक्रार ताईंनी केली आणि अनेकींनी सरकारी मोबाइल परत केले. जुलै २०२५ पासून टीएचआर घेताना लाभार्थ्याचा चेहरा ॲपवर जुळणं सक्तीचं झालं. जिथे रेंज मिळत नाही त्या पाड्यांवर ताई आधी फोन घेऊन टेकडी चढतात, पाकिटं मग.