आडवी बाहुली

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गिऱ्हाईक आधी बैलाचा जबडा उघडून दातांवरून वय बघतं: आदात म्हणजे अजून दुधाच्या दातांचा, दोनदाती की सगळे दात येऊन जुळलेला. चित्रकार मात्र डोळ्यापाशी थांबतो. जनावराचं व्यक्तिचित्र जमलं की फसलं हे तिथंच ठरतं. माझ्या पाहण्यात आलेली बरीच चित्रं एकाच चुकीनं फसलेली आहेत: डोळ्यात माणसासारखी गोल बाहुली. शिंगं, वशिंड, गळ्याची पोळी सगळं बिनचूक, तरी समोर उभा राहतो तो बैलाचा मुखवटा घातलेला माणूस.

बैल, शेळी, घोडा यांची बाहुली आडवी असते. ही शिकार होणारी जनावरं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळपास चहूकडचं दिसतं. आडवी फट जमिनीलगतच्या पट्ट्यातला उजेड जास्त आत घेते आणि डोक्यावरच्या उन्हाची तिरीप अडवते. पण चरायला मान खाली घातली, की ही फट उभी व्हायला हवी ना? होत नाही. दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली दाखवून दिलं, की शेळ्या, मेंढ्या, घोडे मान खाली घालतात तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे खोबणीत उलट दिशेनं फिरतात, 50 अंशांपर्यंत, आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. बाभळीच्या शेंगा वेचणाऱ्या उस्मानाबादी शेळीशेजारी उकिडवं बसून हे नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. मला तर ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा शेळीच नवी वाटली.

देवणी जातीच्या बैलाची अडचण वेगळी. त्यातला वानेरा हा प्रकार म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाचा काही भाग काळा. त्या काळ्यात काळाभोर डोळा, बाहुली दिसतच नाही. मग ओल्या पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, पडलेला उजेडाचा ठिपका चित्राला तारतो. तो अंगावरच्या उन्हाच्या बाजूलाच हवा, नाहीतर डोळा काचेचा वाटतो.

बाकी भाव डोळ्याच्या कडेला आणि कानांत. निवांत रवंथ करणाऱ्या गाईच्या डोळ्यातला पांढरा भाग फारसा दिसत नाही. बिथरली की तो वाढतो, आणि संशोधक तो मोजतातही. ‘कान पाडलेत, जनावर बरं नाही’ हे आपल्याकडे गुराख्याचं पोरही सांगतं. घोड्याच्या चेहऱ्याच्या 17 वेगवेगळ्या हालचाली 2015 सालीच नोंदल्या गेल्या. त्यात डोळ्यावरची आतली कड उचलून सुरकुती पाडणंही आहे. इतकं सगळं जनावराच्या स्वतःच्या तोंडावर असताना त्याला माणसाचं हसू किंवा आसवं चिकटवायची गरज काय?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दोन बैलांची झुंज रंगवली आहे, पाचव्या शतकातली. त्या बैलांना माणसाचा चेहरा दिलेला नाही. यात्रेत कागद घेऊन बसणाऱ्या चित्रकारानंही कान शेवटी काढावेत. बैल तेवढेच एका जागी ठेवत नाही.